पाण्याची वेळ कोण बदलत होतं?

सिद्धाराम,

तू गेल्यापासून ऑफिसात माझ्याशिवाय कोणी नसतं, तरी चहाचा कप विसळायला उठले की मी आधी स्क्रीन लॉक करते. ही तुझी सवय. खोलीत आपण दोघंच असलो, दाराला आतून कडी असली, तरी तू लॉक करायचास आणि मी बघितलं की म्हणायचास, "तुझ्यासाठी न्हाय गं, सवयीनं होतंय." ते मला कधी पूर्ण पटलं नाही. आता मी कोणासाठी करते, ते मलाही सांगता येत नाही.

तुझं शिक्षण, तुझी आधीची नोकरी, तुझ्यामागे कोण कोण आहे, हे सगळं लोकांनी तुझ्या फोटोखाली लिहून ग्रुपवर फिरवलंय. त्यातलं मी इथं काही लिहिणार नाही. मला तुझ्याशी त्या उन्हाळ्याबद्दल बोलायचंय. पाण्याच्या वेळा सांगणाऱ्या आपल्या वेबपानावरून तू माझ्यावर संशय घेतलास आणि मीही तुझ्याकडे तिरकं बघायला लागले, तो उन्हाळा. त्यानंतर आपण पुन्हा एकत्र काम केलं, हसलो, भांडलो, पण त्या गोष्टीवर धड बसून कधी बोललो नाही. तू टाळलंस. मी तुला टाळू दिलं.

ते पान आपण कमाईसाठी केलंच नव्हतं. अशोक चौकात टॉवेलच्या दुकानावर आपली खोली. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या वेबसाइट आणि हजेरीचे प्रोग्रॅम यावर आपलं बरं चाललं होतं. पण नळाला पाणी कधी येणार हे कळायला तुझ्या आईला अर्ध्या गल्लीला फोन करावे लागायचे. चार-पाच दिवसांनी एकदा येणारं पाणी, तेही कधी भल्या सकाळी, कधी भर दुपारी. तू व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसांशी ओळखी काढल्यास. कुणाशी कन्नड बोललास, कुणाशी मोडकंतोडकं तेलुगू. ते आपल्याला फोन करून वेळ सांगायचे, आपल्यापैकी कोणीतरी ती भरायचं, आणि पानावर आपल्या भागाचं नाव दाबलं की वेळ दिसायची. एवढंच. ‘पाणी कधी?’ हे नाव तुझ्या आईमुळे पडलं, कारण ती फोन लावला की नमस्कार-चमत्कार न करता थेट हेच विचारायची.

पहिल्या वर्षी थोडेच लोक बघायचे. पुढच्या उन्हाळ्यात मात्र पान गल्लीगल्लीच्या ग्रुपवर पोचलं आणि आपलं भाड्याचं स्वस्तातलं सर्व्हर धापा टाकायला लागलं. मग आपण दोन गोष्टी केल्या. दर वेळी डेटाबेसला विचारत बसायचं नाही. एकदा मिळालेलं उत्तर प्रोग्रॅमनं स्वतःच्या मेमरीत जपून ठेवायचं आणि पुढच्या माणसाला तेच द्यायचं. वेळ बदलली की जपलेलं टाकून द्यायचं. ही एक. आणि तोच प्रोग्रॅम एकाऐवजी चार वेळा चालू ठेवायचा. म्हणजे चार प्रोसेस. येणाऱ्या माणसाला जी मोकळी असेल तिनं घ्यायचं. ही दुसरी. पान पळायला लागलं. तू खालून भजी आणलीस आणि ऊन मी म्हणत असताना आपण पंख्याखाली बसून ती खाल्ली.

त्यानंतर काही दिवसांनी रेणुका अक्का जिना चढून आल्या. त्या चिंचोळीला कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला. घामाघूम, पदर डोक्यावर तसाच. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी ठेवले, एक त्यांचा, एक जावेचा.

"ह्ये बगा," त्या म्हणाल्या. "माज्या फोनात पानी सांजच्याला हाय. जावंच्या फोनात सकाळच्याला. घर एक, नळ एक. मी आपली सकाळी कामावर गेले, सांजच्याला भरंन म्हनून. पानी सकाळीच यिऊन गेलं. जाव माहेराला, फोन घरीच इसरून गेलेली, घरात म्हातारी सासू. तिला बादली उचलत न्हाई. आता पुढच्या पान्यापतुर आमी काय करायचं?"

तू दोन्ही फोन हातात घेतलेस. पान तेच, भाग तोच, तारीख तीच. वेळा दोन. तू अक्कांच्या फोनवर पान परत उघडलंस आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ‘संध्याकाळ’ जाऊन ‘सकाळ’ आलं.

अक्का एक पाऊल मागे सरल्या. "आत्ता बदललं! तुमी हितं बसल्या बसल्या बदललं की!"

"अक्का, आम्ही कशालाच हात लावला नाही," मी म्हणाले.

"मग कोन लावतंय? कुनाला खरं दावायचं आन कुनाला खोटं, ह्ये कोन ठरवतंय? तुमचंच हाय न्हवं ह्ये?"

त्या गेल्यावर तू बराच वेळ माझ्या कीबोर्डकडे बघत होतास. मग विचारलंस, "तू आत्ता काही भरलं नव्हतंस ना?"

"तुझ्यासमोरच बसले होते की."

"व्हय. समोरच होतीस," तू म्हणालास.

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज फिरला. तो कोणी लिहिला ते कधी कळलं नाही. त्यात तुझ्या चुलतभावाचं, बसवराजचं नाव होतं. बसवराजचे टँकर. पानावर वेळ खोटी दाखवायची, लोकांचं पाणी चुकवायचं, मग झक मारत त्यांनी टँकर मागवायचा, असा हिशोब त्या मेसेजमध्ये कोणीतरी मांडला होता. तो मी वाचला आणि मान वर केली. तू माझ्याकडेच बघत होतास.

"तुलापण तसंच वाटतंय?"

"मी काही बोलले का?"

"न्हाय बोललीस. म्हणूनच विचारलं."

खरं सांगू, मला तसं वाटलं नव्हतं. पण बसवराज त्याच महिन्यात दोनदा ऑफिसात येऊन तुझ्या खुर्चीत बसून गेला होता, हे मला आठवलं, आणि ते आठवलेलं तुला माझ्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानंतर तू त्याला खालूनच परत पाठवायला लागलास. सख्ख्यासारखा वाढलेला भाऊ. टॉवेलच्या दुकानदारासमोर तू त्याला म्हणालास, "वर येऊ नको बे, लोक बघतात."

मग तू पान पुन्हापुन्हा उघडत बसायला लागलास. मलाही बोलवायचास. "हे बघ, सकाळ. आता बघ, संध्याकाळ. परत सकाळ! कोणीतरी आत बसलंय. आत्ता, आपल्यासमोर बदलतंय."

"पण डेटाबेसमध्ये एकच वेळ आहे, सिद्ध्या. तिथं काहीच हलत नाही."

"खुणा पुसत असंल."

तुझा आवाज खाली आला होता. वॉर्डाची निवडणूक तोंडावर होती आणि माझा भाऊ मिलिंद एका उमेदवारासाठी फिरत होता, हे तुला माहीत होतं. आमच्या वस्तीला पाण्याची वेळ बरोबर कळते आणि शेजारच्यांना नाही, असं कोणी दाखवलं तर त्याचा कोणाला फायदा, असा तू विचार केला असणार. विचारताना तू खिडकीबाहेर बघत होतास.

"मिलिंदला पासवर्ड ठाऊक हाय का?"

कॉलेजपासून तू आमच्या घरी येत होतास. मिलिंदला गणित तू शिकवलंस. आईच्या हातची भाकरी-पिठलं खाऊन तू आमच्या फरशीवर झोपलायस. मी म्हणाले, "नाही." तू मान हलवलीस.

दुसऱ्या दिवशी माझा पासवर्ड चालेना. फोन केला तर तू म्हणालास, "बदललाय. थोडे दिवस राहू दे असंच." आणि वर हे, "आणि थांबलंय बघ. रात्री बदलला, तेव्हापासून एकच वेळ दिसतीय."

मी पान उघडून बघितलं. खरंच थांबलं होतं.

मला बाहेर काढलं आणि गडबड थांबली. आता कोणीही काय समजणार? माझा स्वतःवरच क्षणभर विश्वास बसेना. मिलिंदला मी एकट्याला गाठून विचारलं, तू कधी माझा लॅपटॉप उघडला होतास का? तो हसला नाही की चिडला नाही. म्हणाला, "टँकर त्याच्या भावाचे, आणि संशय आपल्यावर. आपल्या लोकांना हे नवीन आहे का, ताई?"

हे वाक्य मी तुला कधी सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं की नाही, ते अजून कळत नाही. तू तसा नव्हतास, हे मला माहीत होतं. पण मिलिंद खोटं बोलत नव्हता, हेही माहीत होतं. चिंचोळीचे मालक लोक मीटिंगमध्ये प्रश्न तुला विचारायचे आणि तू दर वेळी खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणायचास, "मॅडमना विचारा, मला त्यातलं कळत न्हाय." तुला सगळं कळायचं. तरी दर वेळी खुर्ची वळवायचास. मी त्या दिवसांत घरी बसून तुझं ते खुर्ची वळवणं आठवायचे आणि मग तो बंद पासवर्ड आठवायचे, आणि दोन्ही करणारा माणूस एकच, हे मनात बसायचं नाही.

मी ऑफिसला जाणं बंद केलं. कारखान्यांची कामं घरून करत राहिले. मग एका सकाळी पंपाची वीज गेली, सगळ्या भागांच्या वेळा पुढे ढकलल्या गेल्या, तू त्या एकट्यानं भरल्यास. दुपारी आईनं फोन माझ्यापुढे धरला. "अगं, मगाशी दुपारी दाखवत होतं, आता संध्याकाळ म्हणतंय. मी भांडी घासून ठेवू का नको?"

परत तेच. आणि आता आत फक्त तू होतास.

मला आधी बरं वाटलं, मग लगेच भीती वाटली. मी नव्हते हे सिद्ध झालं होतं, पण मग कोण? बसवराजचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तू कशाला करशील, असं स्वतःला सांगत मी लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅम माझ्याकडे होता, तो घरी चालवला, वेळ बदलली. बरोबर दिसली. कितीदाही उघडलं तरी बरोबर. मग लक्षात आलं की मी तो एकदाच चालवतेय. सर्व्हरवर तर तो चार वेळा चालतो. तसा चालवला, वेळ बदलली, पान उघडलं. जुनी. परत उघडलं. जुनी. परत. नवी!

प्रत्येक उत्तरासोबत ते कोणत्या प्रोसेसनं दिलं तो नंबर छापायची एक ओळ मी टाकली. नवी वेळ दर वेळी एकच प्रोसेस सांगत होती. बाकीच्या तिघी जुनीच. मेमरी प्रत्येकीची वेगळी. आपण वेळ बदलली की ज्या प्रोसेसच्या हाती तो बदल पडला, तिनं आपल्यापाशी जपलेलं उत्तर टाकून दिलं. उरलेल्या तिघींना कोणी सांगितलंच नाही. त्या जुनं उत्तर इमानेइतबारे देत राहिल्या.

मी तुला फोन करून सांगितलं. रविवारी दुपारी तू आलास. बरोबर स्वतःचा लॅपटॉप आणलास. मी माझा पुढे केला तर म्हणालास, "तुझ्यावर नको. माझ्यावर करून बघतो." आईनं दिलेलं ताक तसंच ठेवून तू उभ्या उभ्या सगळं स्वतः टाइप केलंस. मी लांब बसून राहिले, म्हणजे हात लावला असं व्हायला नको. तू पान उघडलंस, नंबर वाचलास. परत उघडलंस, नंबर वाचलास. मग हळूहळू खुर्चीत बसलास.

"मग पासवर्ड बदलल्यावर थांबलं कसं?"

"पासवर्ड बदलून तू सर्व्हर बंद करून चालू केलंस ना?"

"केलं की."

"मग चौघींची मेमरी कोरी झाली. चौघींनी डेटाबेसला नव्यानं विचारलं. पुढचा बदल होईपर्यंत सगळ्यांकडे एकच उत्तर राहिलं."

तू म्हणालास, "म्हणजे कोणीच नव्हतं."

"कोणीच नव्हतं."

तू ताक प्यालास, आईला "येतो काकू" म्हणालास. दारात मिलिंद होता. "काय मिलिंद, बरं हाय ना?" "बरं आहे, दादा." संपलं. मी गॅलरीतून तुला गाडीला किक मारताना बघत होते आणि वाटत होतं की आता वर बघशील, आता परत येशील. संध्याकाळी फोनवर नवा पासवर्ड आला. पुढे-मागे एक शब्द नाही.

पुढचं आपलं भांडण मात्र मला मनापासून आवडलं. चौघींची मेमरी वेगळी आहे म्हणून घोळ होतो, तर मेमरीच एक ठेवू, असं माझं म्हणणं. फक्त लक्षात ठेवण्याचं काम करणारा एक वेगळा प्रोग्रॅम बसवायचा, चौघींनी त्यालाच विचारायचं, बदल झाला की तिथलंच टाकून द्यायचं. जगात सगळे हेच करतात.

तू मान हलवत होतास. "आणि तोच चुकला तर?"

"तर दुरुस्त करू."

"पण कळणार कसं? आत्ता कळलं, कारण दोन फोनवर दोन वेळा दिसल्या. उद्या चौघी मिळून एकच खोटं बोलायला लागल्या तर रेणुका अक्का कशाला जिना चढतील? जावेचा फोन बघतील, तेच दिसंल, गप बसतील."

"मग काय, कळावं म्हणून वेगवेगळं दाखवत राहायचं?"

"तसं न्हाय. प्रत्येकीची मेमरी राहू दे. बदल झाला की एकीनं बाकीच्यांना निरोप द्यायचा."

"आणि निरोप पोचला नाही तर?"

"तुला माझ्या प्रत्येक गोष्टीवर संशय हाय."

"मला?" मी विचारलं. त्या दिवशी बोललो असतो तर बोललो असतो. तू खालच्या मुलाला चहा सांगायला उठलास.

शेवटी माझाच वेगळा प्रोग्रॅम बसला. तू कधी मान्य केलं नाहीस. त्याला तू ‘तुझं कोठार’ म्हणायचास आणि सकाळी आल्या आल्या विचारायचास, "काय म्हणतंय तुझं कोठार? खरं बोलतंय ना?"

रेणुका अक्कांना समजावून सांगायला आपण दोघं त्यांच्या घरी गेलो, ते आठवून मला तुझ्या मातीच्या दिवशीही हसू फुटलं होतं, माफ कर. तू अगदी सोपं करून सांगितलंस, चारी प्रोसेस, त्यांची मेमरी, सगळं. आणि शेवटी तोंडातून गेलं, "थोडक्यात काय अक्का, हे सगळं कॅशमुळं झालं."

अक्कांनी टाळी वाजवली. "बगा! म्या म्हनलं न्हवतं? कॅशच दिली असनार कुनीतरी! किती दिली? कुनी दिली?"

तू सांगत राहिलास की ही कॅश ती कॅश नव्हे, लक्षात ठेवलेल्या उत्तराला आमच्यात कॅश म्हणतात. अक्का तुझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, त्या नजरेनं मी कोणाला बघताना पाहिलं नाही. चहा दिला, पण विश्वास दिला नाही. जिन्यात तू म्हणालास, "बाई लई हुशार हाय. मी असतो तर मीपण विश्वास ठेवला नसता." त्यांच्या गल्लीतून बसवराजच्या टँकरचं बोलणं शेवटपर्यंत गेलं नाही. तू त्या गल्लीतून जाणं सोडलंस आणि बसवराजनं तुझ्याकडे येणं.

पुढच्या उन्हाळ्यात तुझं खरं झालं. कोठारात एका भागाची आदल्या पाण्याची वेळ अडकून राहिली आणि चारी प्रोसेस एकसुरात तेच सांगत राहिल्या. एकाही माणसाची तक्रार नाही. सगळ्यांना वाटलं, पाणीच उशिरा येतंय. तूच पान चाळताना पकडलंस. मला वाटलं, आता ऐकवणार. तू काही ऐकवलं नाहीस. पानाच्या तळाशी एक ओळ वाढवलीस, ‘ही वेळ अमुक वाजता तपासली’. मी म्हणाले, पान कुरूप दिसतंय. तू म्हणालास, "दिसू दे. लोकांना आपल्यावर संशय घेता आला पाहिजे, त्याची सोय आपणच ठेवावी." या एका वाक्यासाठी मी तुला बरंच काही माफ केलंय. हे मी तुला तेव्हा म्हणायला हवं होतं.

दुखणं आलं तेव्हाही तू तसाच. पहिल्या लॅबचा रिपोर्ट बघून म्हणालास, चुकलाय. दुसऱ्या लॅबमध्ये गेलास. तिथंही तेच आलं. मला रिपोर्ट दाखवत विचारलंस, "दोन्ही लॅब एकाच कोठारातून उचलत नसतील ना गं?" आपण हसलो. वहिनींना कळेना आपण कशाला हसतोय, आणि मग त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या.

शेवटचं भेटलो तेव्हा तुझे ओठ कोरडे होते, मी चमच्यानं पाणी देत होते. दवाखान्याच्या वॉर्डात गर्दी होती, वहिनी शेजारीच उभ्या होत्या. तू खूण करून मला वाकायला लावलंस आणि विचारलंस, "मिलिंदनं खरंच पासवर्ड मागितला नव्हता ना?"

इतक्या दिवसांनी. सगळं उघड झाल्यावर, नंबर स्वतः वाचल्यावर. मला राग आला, आणि तुझ्यावर रागावण्यासारखं तुझ्यात काही उरलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही रे." तू म्हणालास, "बरं." आणि डोळे मिटलेस. ते ‘बरं’ मी तेव्हापासून ऐकतेय. विश्वास ठेवलास म्हणून बरं, की आता काय उपयोग म्हणून बरं? आजारानं मागचं-पुढचं एक झालं होतं तुझं, की मनात तळाशी ते राहिलंच होतं? तुमच्या रिवाजाप्रमाणे तुला मातीत बसवताना, कपाळाला विभूती लावताना, बसवराज सगळ्यांच्या मागे उभा होता आणि पुढे यायला धजत नव्हता, तेव्हाही मी तेच घोळवत होते.

काल तुझ्या घरी गेले होते. वहिनींनी चहा केला. तुझी आई आतल्या खोलीत पलंगावर बसून होती. मला बघून "बारव्वा", ये गं, म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागली. वहिनी इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "ताई, त्या उन्हाळ्यात तुमचं दोघांचं काही झालं होतं का हो? हे जेवत नव्हते. विचारलं की अंगावर यायचे."

मी म्हणाले, कामाचं होतं थोडं.

"एका रविवारी तुमच्याकडं जाऊन आले," वहिनी म्हणाल्या. "चपला न काढता तसेच आत आले आणि अव्वांच्या पायाशी खाली बसले. रडत होते का हसत होते, मला कळंना. एकच म्हणत होते, ‘आकी अल्ल, अव्वा. आकी अल्ल.’"

तेवढं कन्नड तू मला शिकवलं होतंस. ती नव्हे, आई.

मी कप खाली ठेवला. वहिनींकडे बघितलं. मला पहिल्यांदा काय वाटलं, ते तू ओळखशील. वाटलं, या मला बरं वाटावं म्हणून सांगतायत. दवाखान्यात तू काय विचारलंस, ते यांनी ऐकलं असेल. शेजारीच तर उभ्या होत्या. आणि हे खरं असेल तर तू मला का नाही सांगितलंस? वर का नाही बघितलंस, गाडीला किक मारताना?

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. तुझी आई पलंगावर बसली होती. उठून तिच्याजवळ जायचं आणि तिला विचारायचं, एवढंच होतं. तू असतास तर विचारून आला असतास.

मी विचारलं नाही. वहिनींनी आणखी चहा ओतला, तो प्याले आणि घरी आले.

सुजाता